गिरणीत बसून बोलीची वही कशी भरावी

आमच्या गिरणीत डब्याच्या झाकणावर खडूनं एक टिंब काढलं की बारीक दळायचं, दोन टिंबं काढली की भरड. ही खूण माझीच, २२ वर्षांपूर्वी सासऱ्यांनी गिरण माझ्या हाती दिली तेव्हापासूनची. दोन वर्षांमागं दिवाळीच्या तोंडावर गर्दी वाढली म्हणून भाच्याला मदतीला बोलावलं आणि खूण सांगायची राहून गेली. दोन टिंबं म्हणजे दोनदा दळायचं, असं त्यानं धरलं. लाडवांसाठी आणलेली तीन किलो हरभऱ्याची डाळ दोनदा घालून त्यानं मैद्यासारखी बारीक केली. असल्या पिठाचे लाडू टाळूला चिकटतात. मी घरातली डाळ भरडून त्या बाईंना पोचती केली.

पोराची चूक मी धरली नाही. टिंबाच्या अंगात 'भरड' असं काही नसतंच. मी आणि माझी गिऱ्हाइकं एकमेकांत ठरवून बसलोय म्हणून त्याला तो अर्थ आहे. आणि एक टिंब शेजारी आहे म्हणूनच दोन टिंबांना किंमत आहे. एम.ए.ला भाषाविज्ञानाच्या पेपरात स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर वाचला होता. जिनिव्हाला १९०७ ते १९११ या काळात त्यांनी जी व्याख्यानं दिली त्यांचं पुस्तक ते वारल्यावर, १९१६ साली, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून निघालं. चिन्हाला दोन अंगं असतात, एक कानाला येणारं रूप आणि एक मनात उठणारी कल्पना. ही दोन अंगं निसर्गानं नव्हे, समाजानं जोडलेली असतात, आणि प्रत्येक चिन्हाची किंमत शेजारच्या चिन्हांवरून ठरते. परीक्षेत हे मी पाठ करून लिहिलं होतं. कळलं मात्र त्या डाळीच्या दिवशी.

घरची बोली लिहून ठेवायची म्हणणारी कॉलेजची पोरं-पोरी अलीकडे माझ्याकडे येतात. त्यांच्या वहीत डावीकडे गावचा शब्द, मधे बरोबरची खूण आणि उजवीकडे पुस्तकी शब्द असतो. माझ्याही पहिल्या दोन वह्या अशाच भरल्या, आणि त्या जवळपास वाया गेल्या. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे लिहिते. माझं गाव बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यालगतचं. रांगेत मराठी शेतकरी, कन्नड बोलणारी दोन-चार घरं, दखनी, म्हणजे इकडची उर्दू, बोलणारी मुसलमान कुटुंबं, कधी खानापूरकडची कोकणी बोलणारी मंडळी. गिरण नसली तरी अडत नाही. जिथं माणसं थांबतात ती जागा धरा: पाण्याचा नळ, दूध डेअरी, बसस्टॉप, लग्नातला स्वयंपाक.

वही दोनशे पानी घ्या आणि एका शब्दाला एक अख्खं पान द्या. कंजुषी करू नका. पान रिकामं राहिलं तरी चालेल, ते वर्षभरात भरतं.

पहिली शिस्त म्हणजे आधी ऐकायचं, विचारायचं मागनं. 'तुम्ही याला काय म्हणता?' असं विचारलंत की समोरचा माणूस सावरून बसतो आणि शाळेतला शब्द देतो. आमच्या एका आजोबांनी आयुष्यभर 'दळप' म्हटलं आणि मी वही उघडल्यावर मला 'दळण' लिहून घ्यायला लावलं. हा अनुभव मोठ्या कामातही आहे. इंग्रजांच्या काळात जॉर्ज ग्रियर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली आला. त्या सर्वेक्षणात बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट गावोगावच्या बोलीत भाषांतर करून मागवली होती. काम अफाट आहे, मी ते मानते. पण भाषांतर करायला बसलेला माणूस गिरणीत बोलतो तसा बोलत नाही. याच्या उलट न्यूयॉर्कमध्ये विल्यम लाबव या भाषाशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात केलं. मोठ्या दुकानांत जाऊन त्यांनी अशी वस्तू विचारली जी चौथ्या मजल्यावरच मिळते. विक्रेत्यांच्या तोंडून 'फोर्थ फ्लोअर' (चौथा मजला) हे शब्द आपसूक आले, आणि त्यांना हवा असलेला 'र'चा उच्चार मिळाला.

मी तीच युक्ती वापरते. चालू काळाचं रूप हवं असेल तर व्याकरण विचारत नाही. 'दादा काय करतोय घरात?' एवढं विचारते. आमच्या गावात उत्तर येतं, 'जेवूलालाय.' निपाणीकडचे पाहुणे 'करायलोय' म्हणाले, तेही त्याच पानावर गेलं. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे करंट जाण्याची. थ्री-फेज गेली की पट्टा थांबतो, कानातला आवाज निवतो आणि माणसं पोत्यांवर टेकून बोलायला लागतात. तेव्हा कोणाचा तरी फोन वाजतो आणि तो सांगतो, 'गिरणीत हाय, दळप घेऊन आलोय.' यात एक पथ्य पाळा. रूप टिपायचं, घरची भानगड टिपायची नाही. फोनवर ध्वनी घ्यायचा असेल तर आधी विचारा, नको म्हटलं तर खिशात ठेवा. माणसं राहिली तर वही राहते.

आता एक पान जसंच्या तसं दाखवते.

दळप. ऐकलं गिरणीत, सकाळी आठला. बोलणारी साठीची, माहेर चंदगडकडचं, ४० वर्षं या गावात. वाक्य: 'दळप ठेवून जातो, मागनं पोरगं यील.' कशाला म्हणतात: दळायला आणलेलं धान्य, आणि दळण्याचं कामही. कशाला म्हणत नाहीत: मिक्सरला केलेल्या मसाल्याला नाही. शेजारचे शब्द: कांडप, भरड, पीठ. कोण म्हणत नाही: दहावीच्या पुढची पोरं, ती 'दळण' म्हणतात.

'कशाला म्हणत नाहीत' हा रकाना कधीही गाळू नका. शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचं कुंपण, आणि कुंपण बाहेरून फिरल्याशिवाय दिसत नाही. धान्याचंच बघा. आमच्याकडची म्हातारी माणसं जोंधळा म्हणतात, आणि रब्बीचा असेल तर शाळू. आमच्या कन्नड शेजारणीकडे 'जोळ' आहे, आणि मक्याला ती 'गोविन जोळ' म्हणते. म्हणजे तिच्या भाषेत मका जोळाच्या घरात येऊन बसला आणि आपल्याकडे त्यानं वेगळी चूल मांडली. पीक तेच, शेत शेजारी शेजारी, पण खुणांच्या रेघा वेगळ्या जागी ओढलेल्या. 'जोळ बरोबर ज्वारी' असं एका ओळीत लिहून मोकळं झालं की ही सगळी श्रीमंती हातची जाते. म्हणून एक शब्द कधी एकटा गोळा करू नका. धान्यं घेतलीत तर सगळी धान्यं घ्या, नाती घेतलीत तर सगळी नाती घ्या.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांना वेगळी पानं द्या. 'टाकी' हा शब्द माझ्याकडे दोन पानांवर आहे. एक पाण्याची. दुसरी दगडाची: पाट, म्हणजे गिरणीतले दळायचे दगड, गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं खडबडीत करून, घ्यावी लागते, नाहीतर पीठ तापतं आणि करपल्यासारखा वास येतो. तसंच 'छलो'. हिंदी कानाला 'चला, निघू या' ऐकू येतं. आमच्या भागातला कन्नड माणूस 'छलो ऐति' म्हणतो तेव्हा तो 'चांगलं आहे' म्हणत असतो. नवीन आलेल्या बँकेतल्या बाई पीठ हातात घेऊन उभ्या होत्या आणि शेजारीण पिठाकडे बघून 'छलो ऐति' म्हणाली, तर बाई निघाल्याच! आणि कन्नडमधलं आदराचं 'री'. 'बर्री' म्हणजे 'या'. साताऱ्याकडून नवी आलेली सून 'री' ऐकून दुखावली होती, कारण तिच्या कानात ते 'अगं'च्याही खालचं होतं. तिला अर्थ सांगितल्यावर ती त्याच शेजारणीकडे भाकरीला जोळाचं पीठ कसं मळतात ते शिकायला गेली.

सगळ्या खुणा अशा ठरवलेल्या नसतात, हेही लक्षात ठेवा. गिरण डिझेल इंजिनवर होती तेव्हा धुराड्याचा कुक-कुक आवाज शेतापर्यंत जायचा आणि बायका डबे भरायला घ्यायच्या. तो आवाज कुणी ठरवला नव्हता, तो गिरण चालू असल्याचाच भाग होता, धूर दिसला की अग्नी कळतो तसा. चार्ल्स पर्स या अमेरिकन विचारवंतानं खुणांचे हे प्रकार वेगळे केले: साम्यानं कळणारी, संबंधानं कळणारी आणि रूढीनं कळणारी. वहीत शब्दांबरोबर अशा खुणाही येऊ द्या.

आता 'खरं'. या शब्दापायी माझी एक अख्खी वही बिघडली. आमच्याकडे म्हणतात, 'येतो खरं, वेळ लागंल.' मी लिहिलं होतं, 'खरं म्हणजे पण.' मग 'खरं सांग' याचं काय करणार? 'पण सांग'? तेव्हा बदलून बघायची रीत मी शिकले, ती तुम्हीही वापरा. शब्द असलेली तीन-चार पूर्ण वाक्यं उतरवा. त्या जागी दुसरा शब्द घालून मोठ्यानं म्हणा आणि बोलणाऱ्यालाच विचारा, 'असं म्हटलं तर चालंल काय?' 'येतो पण वेळ लागंल' चालतं. 'येतो खरोखर वेळ लागंल' चालत नाही. 'खरं सांग' मध्ये मात्र 'खरोखर' जवळ जातं. म्हणजे क्रियापदानंतर आलेलं 'खरं' आणि क्रियापदाआधी आलेलं 'खरं' यांचं काम वेगळं. कबूल करून मग अडचण सांगायची, असा त्या नंतर येणाऱ्या 'खरं'चा सूर आहे. नुसत्या 'पण'मध्ये ते कबूल करणं येत नाही. मला वाटतं, ती आमच्या माणसांची अदब आहे: आधी हो म्हणायचं, मग अडचण.

उच्चार लिहिताना देवनागरी बरीच पुरते, एका जागी मात्र कमी पडते. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळे आहेत. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, यांत फरक फक्त ज चा. दंत्य उच्चार असेल तिथं अक्षराखाली टिंब द्या: च़ारा, ज़रा थांब. कन्नड घरातली पोरं मराठी बोलताना 'चारा'ही 'चार'सारखा म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत हा दुसरा च नाही. ते चूक म्हणून नको, ऐकलं तसं लिहा. ल आणि ळ, न आणि ण यांच्याकडेही कान ठेवा. काल आणि काळ, वेल आणि वेळ अशा जोड्या म्हणून घेतल्या की दोन मिनिटांत कळतं, हा माणूस दोन आवाज वेगळे ठेवतो की एकच करतो.

शब्द सोपे, वाक्यं अवघड, आणि सीमाभागाचं खरं धन वाक्यांतच आहे. वरच्या पानावर साठीची बाई 'जातो' म्हणाली, ते तुमच्या नजरेत आलं असेल. आमच्या बाजूला बायका स्वतःबद्दल सहज 'जातो, येतो' म्हणतात. आणि पुरुष म्हणतो, 'मी काम केलो.' पुस्तकी मराठीत 'मी काम केलं', कारण क्रियापदाचं रूप कामावरून ठरतं. आमच्याकडे ते करणाऱ्यावरून ठरतं, कन्नडमध्ये ठरतं तसं. मला हे लिहिताना आजही राग येतो की बोलीवरचा माझा एक लेख एका नियतकालिकानं छापला तेव्हा उदाहरणातली सगळी 'केलो' शुद्ध करून 'केले' केली. ज्या गोष्टीसाठी लेख लिहिला तीच त्यांनी पुसली. म्हणून उदाहरणाला अवतरणचिन्हं द्या आणि शेजारी 'असंच छापावं' असं लिहा. बायका कामाबद्दल बोलताना काय रूप वापरतात, यासाठी मी वेगळं पान ठेवलंय. तुम्हीही ठेवा, गावागणिक वेगळं मिळेल.

वाक्य ओळखायची माझी आवडती रीत म्हणजे ते शेजारच्या भाषेत शब्दाखाली शब्द मांडून बघणं. एक मुलगा निरोप घेऊन आला. कन्नड शेजारणीला त्यानं सांगितलं, 'बर्तेनि अंत हेळ्यान.' मला सांगितलं, 'येतो म्हणून सांगितलाय.' हे एकाखाली एक लिहा. बर्तेनिच्या खाली येतो, अंतच्या खाली म्हणून, हेळ्यानच्या खाली सांगितलाय. एकही शब्द इकडचा तिकडं होत नाही. दखनी बोलणारे चाचा त्याच जागी 'बोलके' घालतात. पुण्याच्या पुस्तकात बहुधा 'त्यानं सांगितलं की मी येतो' असं मिळेल, तिथं 'की' मधे येऊन वाक्य उलटं फिरतं. शब्द तीन भाषांचे, साचा एकच. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली नेमकं हेच सांगली जिल्ह्यातल्या एका गावाबद्दल लिहिलं. त्या गावाला त्यांनी कुपवार म्हटलंय. मराठी, कन्नड आणि उर्दू घराघरांत वेगळ्या राहिल्या, पण शतकानुशतकं एकत्र वापरात राहून त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एकीतून दुसरीत जाताना फक्त शब्द बदलावे लागतात. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत हे उदाहरण शिकवतात. ते आपल्या उंबऱ्यापासून फार लांबचं नाही, आणि तुमच्या गल्लीतही तपासून बघण्यासारखं आहे.

कोणाकडून घ्यायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे. युरोपातल्या जुन्या बोली-सर्वेक्षणांत म्हातारा, खेड्यातला, गाव न सोडलेला पुरुष शोधायची रीत होती, कारण त्याची बोली 'निर्भेळ' मानायचे. मी सुनांना विचारते. सून माहेरचा शब्द घेऊन येते, पहिल्या आठवड्यात कुणीतरी तिला हसतं, आणि तेव्हापासून तिला दोन्ही शब्द आणि त्यांतला फरक कायमचा ठाऊक होतो. गाव न सोडलेल्या माणसाला आपल्या बोलीत काय वेगळं आहे हे सांगता येत नाही, कारण त्यानं दुसरं ऐकलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक पानावर माहेर लिहायचंच. नाव लिहायची गरज नाही. वय, माहेर, या गावात किती वर्षं, शाळा कोणत्या माध्यमाची, एवढं पुरे.

गावांची नावंही वहीत घ्या, पण मन शांत ठेवून. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला. २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी आहे. बसमध्ये एक जण 'बेळगाव' म्हणतो, दुसरा 'बेळगावी', इंग्रजी शाळेतलं पोरगं 'बेलगाम'. तिघंही त्याच स्टँडवर उतरतात. नाव ज्याकडे बोट दाखवतं ती वस्तू एक, पण नाव जे मनात आणतं ते वेगळं. गॉटलोब फ्रेग या जर्मन तत्त्वज्ञानं १८९२ साली पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा घेऊन हे समजावलं होतं: दोन्ही शुक्रच. कोण कोणासमोर कोणतं नाव घेतो ते फक्त टिपा. वाद तिथं घालू नका. वाद सुरू झाला की माणसं ठरवून बोलायला लागतात आणि तुमचं ऐकणं संपतं.

घरी आल्यावर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शब्द बघा. त्याची १८५७ सालची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर शोधता येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षणही ऑनलाइन आहे, त्यात गावोगावची बोलणी ऐकायला मिळतात. पण क्रम बदलू नका: आधी कान, मग कोश. तूप आणि कन्नडमधलं तुप्प, खोबरं आणि कोब्बरी, अक्का, अण्णा हे सारखेपण दिसलं की कोणी कोणाकडून घेतलं ते लगेच ठरवायचा मोह होतो. वहीत फक्त दोन्ही रूपं शेजारी लिहा. ठरवायला ध्वनींचे नियम आणि जुने लेख लागतात, रांगेत उभं राहून ते होत नाही.

आपण लोकांना शब्द द्यायला बसलोय असं कधी वाटू लागलं तर पतंजलींचं संस्कृत व्याकरणावरचं महाभाष्य आठवा. घडा हवा असेल तर माणूस कुंभाराकडे जाऊन घडा कर म्हणतो, पण शब्द वापरायचे म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द कर म्हणत नाही, असं त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. धान्य लोकांचं असतं. आपण दळून डबा परत करायचा, त्यात आपल्या घरचं मिसळायचं नाही.

शेवटी एक काम, जे मी उशिरा शिकले. महिन्यातून एकदा सगळ्या पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसात गिरणीच्या मागच्या भिंतीतून पाणी आलं आणि फळीवरची माझी तिसरी वही भिजली. तिच्यात सासूबाईंनी सांगितलेली जात्याची पानं होती: कोणत्या भागाला काय म्हणतात, पहाटे दळताना खुंटा हातात बदलला की काय म्हणायचं, दाणा किती टाकायचा त्याचे शब्द. मी ती वाळवायला उन्हात पसरली, शाई पसरून निळे डाग उरले. सासूबाई आता नाहीत. खुंटा आणि तळी हे दोन शब्द मला येतात, बाकीची अकरा पानं निळी आहेत, ती मी नव्या वहीच्या मागं तशीच शिवून ठेवली आहेत.